मी बदललेलं वाक्य

प्रिय युनिस,

पाकिटावर माझं अक्षर पाहून तुझ्या मनात आधी येईल की इकडे कुणीतरी गेलं. तसं नाही. सगळे आहेत. दर रविवारी फोनवर बोलतो तरी पत्र का, असंही वाटेल. गेले तीन रविवार मी हे फोनवर सांगायला गेलो आणि तिन्ही वेळा हवापाण्यावर येऊन थांबलो. परवा तू "अजून काही?" असं विचारलंस तेव्हा मी म्हणालो, नदीवरचा बर्फ फुटला. खोटं नव्हतं, सकाळीच फुटला होता. पण ते सांगायला मी फोन केला नव्हता.

इकडची खबर म्हणशील तर रानहंस यंदा आठवडाभर आधी आले. माझा गुडघा धड वाकत नाही म्हणून पोरं मला फांद्यांच्या आडोशात ओंडक्यावर बसवून ठेवतात. मी आवाज काढून हंसांना खाली बोलवायचं आणि त्यांनी मारायचे. डॉर्कस आत्या अठ्ठ्याऐंशीची झाली, तरी पिसं काढायचं काम कुणाच्या हाती देत नाही. म्हणते, तुम्ही लोक पिसांबरोबर कातडंही ओरबाडता. मंगळवारी आणि गुरुवारी मी आपल्या गावच्या शाळेत लहान मुलांना आपली क्री भाषा शिकवायला जातो. मुलं हुशार आहेत, मी पाठ फिरवली की माझ्या खोकल्याची नक्कल करतात, अगदी हुबेहूब. गेल्या शरदात गावच्या परिषदेनं मला एक लाकडी पाटी दिली, तुला फोटो पाठवला होता. चाळीस वर्षं कोर्टात, दवाखान्यात, विमानतळावर दुभाष्याचं काम केलं म्हणून. तिच्यावर कोरलंय, "आमचा विश्वासू आवाज". पाहुणे आले की ती दिसेल अशी ठेवायची असते. मी ती कपाटात पालथी ठेवली आहे.

आपल्या मुलांना घरून नेऊन ठेवायच्या त्या सरकारी शाळांची चौकशी करणाऱ्या आयोगापुढे तुझी सुनावणी झाली, त्याबद्दल मी तुझ्याशी नीट बोललोच नाही. तू हॉटेलच्या त्या मोठ्या दालनात टेबलापाशी बसली होतीस, समोर पाण्याचा पेला आणि कागदी रुमालांचा खोका. मी मागच्या बाजूला काचेच्या खोलीत, कानाला हेडफोन लावून. आपल्या गावाहून आगगाडीनं आलेल्या आठ म्हाताऱ्या पहिल्या रांगेत होत्या. त्यांना इंग्रजी येत नाही, म्हणून त्यांच्या कानात तुझे शब्द माझ्या आवाजात जात होते. तू कापलेल्या केसांचं सांगितलंस, तुला दिलेल्या एकोणचाळीस नंबरचं सांगितलंस, आपल्या भाषेतला एक शब्द तोंडून निघाला म्हणून तोंडात साबण कोंबला होता ते सांगितलंस. मग म्हणालीस, "मी आठ वर्षांची असताना माझे वडील एकदा शाळेत आले. मी म्हणाले, मला घरी जायचंय. ते म्हणाले, राहू दे हिला इथेच. आणि हातमोजे चढवून निघून गेले. शाळेला आणि सरकारला मी कधीतरी माफ करेन. बाबांना नाही करू शकणार." तू पुढे म्हणालीस, "भाऊ तिथेच उभा होता. त्याला मी दोष देत नाही. बारा वर्षांचा होता तो, जे सांगितलं तेवढं बोलत होता."

मी ते शब्दाला शब्द आपल्या भाषेत सांगितलं. आवाज कापला नाही, एकही शब्द गाळला नाही. इतक्या वर्षांची सवय आहे. न्यायाधीश शिक्षा सुनावतो ती आरोपीला त्याच्या भाषेत सांगायची, डॉक्टर म्हणतो आता काही उपाय नाही ते बायकोला सांगायचं, आणि स्वतः कुठेच नसायचं. त्या दिवशीही मी कुठेच नव्हतो. नंतर चहाच्या वेळी तू मला मिठी मारलीस आणि म्हणालीस, माझी गोष्ट तुझ्या आवाजात त्यांच्यापर्यंत गेली, बरं वाटलं. मी तुझ्या पाठीवर थोपटलं. पलीकडे डॉर्कस आत्या कप खाली ठेवून शेजारणीला सांगत होती, "एबेल तसा नव्हता गं. माझा सख्खा भाऊ, मला माहीत नाही का? पण पोरगी म्हणते स्वतःच्या कानांनी ऐकलं, म्हणजे असेल." बाकीच्या बायकांनी माना डोलावल्या. आपल्या बाबांबद्दल गावात कधी कुणी वावगा शब्द काढला नव्हता, युनिस. तो त्या दिवशी निघाला, आणि माझ्या तोंडून निघाला.

आता शाळेचं. तुला जेवढं आठवतं त्याच्या आधीचं सांगतो, कारण ते तुला माहीत असायचं कारण नाही. मार्च महिना होता, सत्तावन्न साल. मुलांची बाजू आणि मुलींची बाजू वेगळी, मध्ये लाकडी कुंपण. सख्ख्या बहिणीशीही बोलायचं नाही. बोलायला गेलो असतो की नाही, मला शंका आहे. तोवर मी शाळेचा लाडका झालो होतो. पाठांतरात बक्षीस मिळालं होतं, मुख्याध्यापक पाहुण्यांपुढे मला उभं करून इंग्रजीत म्हणून दाखवायला लावायचे. आणि आपल्या गावाकडची माणसं आली की दुभाषा मीच. त्या इमारतीत आपली भाषा बोलायची मुभा एकट्या मला होती, तीही मुख्याध्यापकांनी बोलावलं तरच. त्याचा मला अभिमान वाटायचा. लिहिताना हात थांबतो, पण वाटायचा.

त्या दिवशी दुपारच्या जेवणानंतर आम्ही मुलं जिन्याच्या खिडकीशी उभे होतो. आवारात कुत्र्यांची घसरगाडी थांबली आणि एक माणूस उतरला. दाढीवर बर्फ, कोटाच्या शिवणी उसवलेल्या, अकरा दिवस उघड्यावर काढलेला माणूस जसा दिसेल तसा. कुणीतरी म्हणालं, अस्वल आलं रानातून. सगळे हसले. माझ्या शेजारी विल्फ्रेड होता, त्यानं विचारलं, "तुमच्या बाजूचा दिसतोय. तुझा कोण?" मी म्हणालो, "ओळखत नाही." आणि मीही हसलो. पाचच मिनिटांत मला ऑफिसात बोलावणं आलं.

बाबांना खुर्ची दिली होती, पण ते बसले नव्हते. मूस हरणाच्या कातड्याच्या जोड्यांवरचा बर्फ वितळून मेण लावलेल्या फरशीवर पाणी झालं होतं आणि ते त्या पाण्याकडे अपराध्यासारखे बघत होते. अंगाला धुराचा, माशांचा वास. माझ्याच घराचा वास, पण मला त्या खोलीत तो सहन होईना. मुख्याध्यापकांनी नाक मुरडलं नाही, मीच मुरडलं. बाबांनी मला आपादमस्तक पाहिलं. पाच वर्षं झाली होती. मला वाटलं आता जवळ घेतील, आणि घेतलं तर काय करायचं या विचारानं मी मुख्याध्यापकांच्या टेबलाच्या बाजूला सरकलो. ते बाबांना दिसलं. मग ते कामाचंच बोलले. "जानेवारीत बाळ गेलं. तेव्हापासून तुझी आई अंथरुणावरून उठत नाही, धड खात नाही. पोरगी घरात आली तर उठेल. साहेबांना सांग, मी युनिसला न्यायला आलोय." मी वाट पाहिली. ते आणखी काही बोलतील असं वाटलं. माझ्या तोंडाकडे बघून ते म्हणाले, "तुझं इथे चांगलं चाललंय म्हणतात."

एवढंच. ते तुझ्यासाठी आले होते, माझ्यासाठी नाही. ज्या माणसाला मी पाचच मिनिटांपूर्वी ओळखत नाही म्हणालो होतो, त्यानं मला न्यायचं नाव काढलं नाही म्हणून मला त्याचाच राग आला. याला काय म्हणायचं ते मला आजही कळत नाही.

त्यांचं म्हणणं मी मुख्याध्यापकांना बरोबर सांगितलं. तेवढं बरोबर सांगितलं. मुख्याध्यापक बराच वेळ पेन्सिल फिरवत बसले आणि मग म्हणाले, नियमात बसत नाही, पण घरी आजारपण आहे. मुलीला विचारू, ती स्वतः जाते म्हणाली तर उन्हाळ्यापर्यंत जाऊ दे. त्या माणसानं माझ्या माहितीत एकदाच एखाद्या मुलाला काय हवंय ते विचारलं, आणि नेमका तेव्हा मध्ये मी होतो.

तुला धुलाईच्या खोलीतून आणलं. बाह्या कोपरापर्यंत ओल्या, हात लाल. मेट्रननं खांद्यावर हात ठेवून तुला दाराशीच उभं केलं. शिकवल्याप्रमाणे तू नजर खाली ठेवली होतीस. बाबा तुझ्याकडे बघत राहिले. कापलेले केस, तो राखाडी फ्रॉक. तू त्यांना ओळखलंस हे मला कळलं, कारण तुझी हनुवटी थरथरत होती. त्यांना ते दिसत नव्हतं, त्यांना फक्त तुझा भांग दिसत होता. मुख्याध्यापकांनी विचारल्यावर तू इंग्रजीत, जेमतेम ऐकू येईल असं म्हणालीस, "मला घरी जायचंय." आपली भाषा तोवर तुझ्या कानांनाही परकी झाली होती, आणि त्यातला एखादा शब्द काढायची तुझी छाती नव्हती. त्या खोलीत बाबांशिवाय ती भाषा फक्त मला बोलता येत होती.

बाबांनी मला विचारलं, "काय म्हणाली?"

आणि मी म्हणालो, "म्हणते, मला इथेच राहायचंय."

त्यांनी तुझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "तिला विचार परत." मी तुझ्याकडे वळलोसुद्धा नाही. म्हणालो, "विचारलं. इथे मैत्रिणी आहेत म्हणते, घरचं काही आठवत नाही म्हणते." इतकं सफाईदार खोटं मी नंतर कधी बोललो नाही. मग मुख्याध्यापकांकडे वळून इंग्रजीत, तुला स्पष्ट ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, "वडील म्हणतात, राहू दे हिला इथेच."

ते वाक्य बाबांचं नव्हतं, युनिस. तू पंचावन्न वर्षं जे वाक्य त्यांचं म्हणून जपलंस, ते माझं होतं. एकाच खोलीत, एकाच मिनिटात मी त्यांना सांगितलं की मुलीला तुम्ही नको आहात आणि तुला सांगितलं की बापाला तू नको आहेस. मुलं खिडकीतून हसली म्हणून, की मला नेत नव्हते म्हणून, की तू गेल्यावर कुंपणापलीकडे माझं म्हणून कुणीच उरलं नसतं म्हणून, मी खूप वेळा मनात चाळून पाहिलंय. तिन्ही खरं आहे. कुठलंच पुरेसं नाही.

हे एका दिवसापुरतं असतं तर मुलाची चूक म्हणून मीच स्वतःला सोडून दिलं असतं. पण नंतर तू दोन वर्षांनी उन्हाळ्यात घरी आलीस. तोवर तुला आपल्या भाषेतलं पाणी आणि भाकर एवढंच येत होतं. बाबांना इंग्रजी येत नव्हतं. तू त्यांच्याकडे बघायची नाहीस आणि ते तुला काही विचारायचे नाहीत, कारण ते समजून होते की ही मनाविरुद्ध आली आहे. ते माशाचा चांगला तुकडा तुझ्या ताटात टाकायचे आणि तू तो तसाच ठेवायचीस. दोघांच्या मध्ये बोलू शकणारा घरात मी एकटाच होतो. सहा आठवडे मी रोज तिथे होतो. आई म्हणायची, विचार की रे तिला काय होतंय, आणि मी म्हणायचो, काही नाही, शाळेची आठवण येतेय. मग तू दक्षिणेला शहरात गेलीस, तिथलीच झालीस. बाबा एक्क्याऐंशी साली गेले तेव्हा मी तुला दफनाला ये म्हणून फोन केला. तू म्हणालीस, त्यांनी मला तिथे ठेवलं, आता मी त्यांना तिथे ठेवते. तेव्हाही मला बोलता आलं असतं. मी म्हणालो, ठीक आहे, रस्ते खराबच आहेत.

सुनावणीहून परतल्यावर अकराव्या दिवशी मी डॉर्कस आत्याकडे गेलो आणि तिला सगळं सांगितलं. ती हंसाची पिसं काढत होती. हात थांबले नाहीत तिचे. सांगून झाल्यावर म्हणाली, "मला कशाला सांगतोस? मी काय आठ वर्षांची होते?" मी म्हणालो, धीर होत नाही. ती म्हणाली, "पोरगी एकटी बसून सगळ्या जगापुढे बोलली. तिला कुठून आला धीर?" मी उठायला लागलो तर म्हणाली, बस, आता माझं ऐक.

आत्यानं जे सांगितलं ते मलाही माहीत नव्हतं. बाबा त्या मार्चमध्ये रिकामी गाडी घेऊन परतले तेव्हा आधी तिच्या दाराशी थांबले. गाडीत सशाच्या कातड्यांचं नवं पांघरूण होतं. आईनं अंथरुणात पडल्या पडल्या विणलेलं, तुला वाटेत गुंडाळायला. ते त्यांनी आत्याच्या हातात दिलं आणि म्हणाले, हे लपव, पोरीच्या आईला दिसू देऊ नकोस. तू का आली नाहीस ते आत्यालाही सांगितलं नाही. मग घरी जाऊन आईला सांगितलं की युनिसला गोवर आलाय, खूप रडत होती यायला म्हणून, डॉक्टरांनी सोडलं नाही. आईला त्यांनी कधीच कळू दिलं नाही की मुलगी नको म्हणाली. ते एकटेच ते घेऊन राहिले. आई शेवटपर्यंत सांगत राहिली की माझी पोर घरी यायला रडत होती. म्हणजे आपल्या घरात खरं काय ते एकट्या आईला माहीत होतं, आणि तेही बाबा तिच्याशी खोटं बोलले म्हणून. आत्या हे सांगताना हसली, आणि मग तिनं ॲप्रनचं टोक डोळ्यांना लावलं. बाबांबद्दल चहाच्या वेळी ती जे बोलली त्याची तिला माझ्याहून जास्त शरम वाटत होती. माझ्यामुळे तिला ती वाटावी, हेही माझ्याच नावावर.

हे मी आत्ताच का लिहितोय ते सांगतो. ज्यांना शहरात येता आलं नाही त्यांचं ऐकायला आयोगाची माणसं जूनच्या मध्यावर आपल्या गावात येणार आहेत. मी माझं नाव दिलं आहे. त्या आठ म्हाताऱ्यांसमोर आपल्या भाषेत मी हे सगळं सांगणार आहे, म्हणजे बाबांचं नाव ज्यांच्यापुढे खाली आलं त्यांच्यापुढेच ते वर जाईल. माझं बोलणं इंग्रजीत सांगायला माझी एक जुनी विद्यार्थिनी असेल. ती काही बदलणार नाही. तू यावंस असं म्हणायचा मला हक्क नाही, आणि माफ कर असंही म्हणणार नाही, कारण ते म्हटलं की तुला उत्तर द्यावं लागेल, आणि तुझ्या वतीनं उत्तरं ठरवायचं काम मी पुष्कळ केलं. फक्त बाकीच्यांच्या आधी तुला कळायला हवं होतं. एक गोष्ट मात्र वर ऑफिसचं लिहिताना मी गाळली, ती अजून कुणालाच सांगितलेली नाही, आत्यालाही नाही. हातमोजे चढवताना बाबा दारापाशी तुझ्यासमोर थांबले होते. तुला आठवत असेल की ते काहीतरी बोलले. तुझ्याकडे बघत बोलले, पण ते मी तुला सांगावं म्हणून. मी म्हणालो, ती नाही म्हणते, आणि तुला काहीच सांगितलं नाही. ते म्हणाले होते, "तिला विचार, तिला न्यायला यायला मी इतका उशीर केला, म्हणून ती माझ्यावर रागावली आहे का?"

तू पुढे काहीही ठरवलंस तरी तुझाच,
सायलस